एका निलगिरीवरची दोन बिऱ्हाडे

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडच्या जंगलात गुळगुळीत खोडाच्या निलगिरीला दरवर्षी नवी त्वचा येते. जुनी साल पट्ट्यापट्ट्यांनी गळून पडते आणि आतले पांढुरके, राखाडी खोड उघडे होते. त्यावर उठलेला ओरखडा त्यामुळे जुना असूच शकत नाही. फार तर त्या वर्षातला. प्राण्यांची पाहणी करायला निघालेली माणसे म्हणूनच मान वर करण्याआधी खोड निरखतात. उड्या घेत वर चढलेल्या जनावराने नखे रोवल्याचे पुंजके दिसले आणि उतरताना घसरल्याच्या रेघा दिसल्या, तर तो बहुधा कोआला. लांब, वळण घेत गेलेले ओरखडे असतील तर गोआना, म्हणजे तिकडची घोरपड. तेवढ्याने समाधान झाले नाही तर बुंध्याशी बसून पाचोळा चाळायचा. कोआलाची लेंडी दीड-दोन सेंटिमीटरची, लांबट आणि कडक. मोडली की आत नुसता पानांचा चोथा, आणि वास निलगिरी तेलाचा. गोआनाच्या विष्ठेत केस, पिसे, हाडांचे तुकडे आणि किड्यांची कवचे सापडतात, शिवाय टोकाला युरिक ॲसिडचा पांढरा गोळा. कोआलाच्या पाहणीची एक रूढ पद्धत तर निव्वळ लेंड्यांवरच चालते: एका ठिकाणची ३० झाडे घ्यायची आणि त्यांतल्या किती बुंध्यांशी लेंड्या आहेत ते मोजायचे.

गोआना हे ऑस्ट्रेलियातल्या सगळ्याच घोरपडींना दिलेले नाव. निलगिरीवर चढून बसणारी त्यांतली प्रसिद्ध जात म्हणजे लेस मॉनिटर, शास्त्रीय नाव वॅरनस व्हेरियस. आपली घोरपड वॅरनस बेंगालेन्सिस, म्हणजे प्रजाती एकच. चुलत घराणे म्हणायला हरकत नाही. लेस मॉनिटरचे अंग काळपट, त्यावर पिवळट ठिपक्यांच्या ओळी, शेपूट धडापेक्षा लांब. मोठा नर दोन मीटरपर्यंत वाढतो आणि वजन १४ किलोपर्यंत जाऊ शकते, पण एवढे थोराड फार थोडे. ऑस्ट्रेलियात या कुळातली हिच्याहून मोठी जात एकच, रखरखीत मध्यभागात राहणारी पेरेंटी.

कोआलाची ओळख करून द्यायला नको, कारण खेळण्यांच्या दुकानांनी ते काम कधीच केले आहे. पण ती खेळणी एक माप लपवतात. दक्षिणेकडच्या थंड व्हिक्टोरियात कोआलाचा नर १२ किलोच्या आसपास भरतो, तर उत्तरेकडच्या उष्ण क्वीन्सलंडमध्ये जेमतेम साडेसहा किलो. म्हणजे व्हिक्टोरियातला कोआला आणि मोठी गोआना तराजूत घातली तर पारडी जवळजवळ बरोबरीत राहतील. अस्वलाशी कोआलाचे काही नाते नाही. त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे जमिनीत बिळे खणणारा वॉम्बॅट, आणि दोघेही पोटपिशवीवाले. सारखे झाड आणि जवळपास सारखे वजन असलेले दोन प्राणी तुलनेला हाती लागणे दुर्मीळच. एरवी अशी तुलना म्हणजे हत्ती मोठा की मुंगी शहाणी या वळणावर जाते.

शाळेत आपण शिकलो की सरपटणारे प्राणी थंड रक्ताचे म्हणून सुस्त आणि सस्तन प्राणी उष्ण रक्ताचे म्हणून चपळ. या झाडावर ते समीकरण उलटे दिसते. उष्ण रक्ताचा कोआला दिवसाचे १८ ते २० तास झोपून नाहीतर नुसता फांदीच्या बेचक्यात बसून काढतो. थंड रक्ताची गोआना उन्हाळ्याच्या दिवसांत रान तुडवत फिरते, जीभ लपलपवत पाचोळा हुंगते, आणि माणूस जवळ आला की बघता बघता खोडावर चढून पलीकडच्या बाजूला जाते. तुम्ही झाडाला वळसा घालावा, तर तीही सरकून खोड मध्ये ठेवते.

या उलटापालटीचे कारण पोटात आहे.

निलगिरीचे झाड आपल्याला अपरिचित नाही. सामाजिक वनीकरणाच्या काळात रस्त्याकडेला, माळावर, शेताच्या बांधावर ते भरपूर लागले. ते लावण्यामागची एक मोठी सोय अशी होती की त्याला कुंपण लागत नाही. गुरे सोडाच, शेळ्यासुद्धा त्याला सहसा तोंड लावत नाहीत. सर्दीला उपयोगी पडणारे ते तेल झाडाने आपल्यासाठी बनवलेले नसते. पाने खाणाऱ्याचे यकृत बिघडावे ही त्यामागची नैसर्गिक योजना. तेलाखेरीज पानांत टॅनिन असते, फिनॉल वर्गातली इतर रसायने असतात, तंतू भरपूर आणि प्रथिने अगदी कमी. थोडक्यात, खाऊ नये असे अन्न. कोआला तेवढेच खातो.

त्याला ते पचते कसे, याचे एक उत्तर २०१८ मध्ये मिळाले. कोआलाचा संपूर्ण जीनोम त्या वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्यात यकृतातल्या विषनाशक विकरांच्या एका गटाची, सीवायपी२सीची, तब्बल ३१ जनुके आढळली. विष आत आले की यकृत ते झपाट्याने निकामी करून बाहेर काढते. कडू चव ओळखणारी जनुकेही कोआलात पुष्कळ आहेत, म्हणजे कोणते पान किती विषारी हे त्याला जिभेवरच कळते. निलगिरीच्या शेकडो जाती असूनही एकेका भागातला कोआला त्यांतल्या मोजक्याच खातो आणि त्यांतही झाड निवडून, पान हुंगून खातो. याची एक उलट बाजूही आहे. आजारी कोआलाला औषध दिले की तेही तेच यकृत तितक्याच तत्परतेने बाहेर फेकते, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना मात्रा ठरवताना घाम फुटतो.

विष उतरले तरी चोथा उरतोच. त्यासाठी कोआलाकडे अंधनाल आहे. लहान आणि मोठे आतडे जिथे मिळतात तिथे माणसाला बोटभर पिशवी असते. कोआलाची ही नळी सुमारे दोन मीटर लांब, म्हणजे त्याच्या स्वतःच्या उंचीच्या दुपटीहून जास्त. त्यात जिवाणू पान आंबवत बसतात. जाडाभरडा चोथा लवकर पुढे ढकलला जातो आणि रस व बारीक कण मागे अंधनालात वळवले जातात. तिथे ते दिवसचे दिवस राहतात. दिवसाला अर्धा किलोपर्यंत पाने खाऊन हाती येणारी ऊर्जा एवढी कमी की धावपळ परवडणारच नाही. निलगिरीच्या तेलाने कोआलाला नशा चढते ही लोकप्रिय कथा म्हणजे थाप आहे. तो झिंगलेला नसतो, काटकसर करत असतो.

गोआनाचा हिशेब वेगळ्या वहीत लिहिलेला आहे. सस्तन प्राण्याला शरीर उबदार ठेवण्यासाठी आतली भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, मग तो झोपलेला का असेना. सरपटणाऱ्या प्राण्याला ती ऊब सूर्य फुकट देतो. त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढे अन्न लागते त्याच्या दहाव्या हिश्श्यातही त्याचे भागू शकते. त्यामुळे गोआनाला रोज खावे लागत नाही, आणि खाते तेव्हा ते कसदार असते: पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले, किडे, लहान सरडे, झाडावरचे पॉसम, मेलेले कांगारू. सहलीच्या जागी कचऱ्याचा डबा उघडा दिसला तर तोही वर्ज्य नाही. कोआला रोजंदारीवर जगतो, गोआना एका सुगीवर. दक्षिणेत हिवाळा आला की ती झाडाच्या ढोलीत शिरते आणि थंडीचे महिने जवळजवळ काहीच न करता काढते. कोआलाला ही सुट्टी नाही. कडाक्याच्या थंडीतही त्याला पाने खावीच लागतात.

म्हणजे आळशी कोण? मला विचाराल तर हा शब्द दोघांनाही लागू नाही, पण द्यायचाच झाला तर वर्षाच्या हिशेबाने गोआनाला द्यावा. फक्त तिचा आळस ढोलीत बंद असतो आणि कोआलाचा उघड्यावर, म्हणून बदनाम कोआला होतो.

झाडाकडून दोघांना हवे असते तेही अगदी उलट आहे. गोआनाला सकाळी ऊन हवे, म्हणून ती उन्हाकडच्या फांदीवर पोट टेकून पसरते. शरीर पस्तीस अंशांच्या आसपास तापल्याशिवाय तिची गात्रे नीट चालत नाहीत. कोआलाला उन्हाळ्यात झाडाची थंडाई हवी असते. कडक उन्हाच्या दिवशी तो फांद्या सोडून खाली जाड खोडाशी येतो आणि चारी पाय पसरून त्याला बिलगतो. हे नुसते गोड दिसण्याचे प्रकरण नाही हे २०१४ मध्ये नॅटली ब्रिस्को आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. त्यांनी उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पाहिले तेव्हा खोडे हवेपेक्षा थंड निघाली. काही बाभुळवर्गीय झाडांची तर पाच अंशांनी. त्या झाडांचे एक पानही कोआला खात नाही, तरी उकाड्यात तो तिथे जाऊन बसतो. धापा टाकून आणि अंग चाटून जे पाणी त्याने गमावले असते त्यातले निम्मे असे वाचू शकते. पाण्याचा विषय निघालाच आहे तर, कोआला पाणी पीत नाही असे पुस्तकांत वर्षानुवर्षे छापले जात होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत पावसाचे खोडावरून ओघळणारे पाणी चाटणारे कोआला स्पष्ट दिसले.

गोआनाच्या अंगात एवढी धाव येते कुठून, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. सर्वसाधारण सरड्याला एक जन्मजात अडचण असते. तो अंग डावी-उजवीकडे वळवत धावतो, आणि बरगड्यांभोवतीचे जे स्नायू या वळणाला लागतात तेच श्वासालाही लागतात. दोन्ही कामे एकदम जमत नाहीत. म्हणून सरडा दहा-बारा पावले झपकन पळतो आणि थांबतो. घोरपडीच्या कुळाने यावर तोडगा काढला आहे. ती धावताना गळ्याची पिशवी फुगवते आणि तो हवेचा घोट फुप्फुसात दाबून ढकलते. १९९९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी आफ्रिकेतल्या एका घोरपडीला फिरत्या पट्ट्यावर धावायला लावून हे तपासले. तोंड उघडे राहील अशी व्यवस्था केली की गळ्याचा पंप चालेना, आणि फुप्फुसात जाणारी हवा लगेच घटली. पुढे त्याच जातीच्या फुप्फुसात हवा पक्ष्यांप्रमाणे काही मार्गांतून एकाच दिशेने वाहते, असेही आढळले. हृदयाचे कप्पे तीनच, पण आतल्या पडद्यांमुळे फुप्फुसाकडचा आणि शरीराकडचा दाब वेगळा राखता येतो. घोरपडीला सरड्याच्या रांगेत बसवताना हे सगळे लक्षात ठेवलेले बरे.

तोंडाचीही कथा ऐकण्यासारखी. कोआलाला दाढांचा एकच संच मिळतो. तंतुमय पाने आयुष्यभर रवंथल्यासारखी दळत राहिल्याने त्या दाढांच्या धारा झिजतात, मग पान नीट कापले जात नाही, मग जास्त पाने आणि जास्त वेळ चावावे लागते, आणि म्हाताऱ्या कोआलाचा शेवट बऱ्याचदा भरल्या झाडावर उपासमारीने होतो. गोआनाचे दात मागे वळलेले आणि धारदार, आणि पडतील तसे जन्मभर नवे येत राहतात. तिला चावत बसायचे नसते. फाडायचे आणि गिळायचे. २००५ मध्ये ब्रायन फ्राय या संशोधकाने सहकाऱ्यांसह दाखवले की लेस मॉनिटरच्या खालच्या जबड्यात विष स्रवणाऱ्या ग्रंथी आहेत. त्याआधी या चाव्याने येणारी सूज तोंडातल्या घाणीमुळे येते असे समजत. शिकार मारण्यात या विषाचा कितपत हात असतो यावर मात्र अजून वाद आहे आणि विरोधकांचे म्हणणे वजनदार आहे: ज्याच्याकडे असे दात आणि नख्या आहेत त्याला विषाची गरज काय?

चढण्याची कसरत दोघांनी वेगवेगळी साधली आहे. कोआलाच्या पुढच्या पंजात पाचांपैकी दोन बोटे उरलेल्या तिघांसमोर येतात, म्हणजे एका पंजाला जणू दोन अंगठे. मागच्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, आणि दुसरे-तिसरे बोट एकमेकांना जोडलेले असते. त्यांची नखे केस विंचरायला आणि गोचीड काढायला लागतात. बोटांच्या टोकांवर माणसासारख्या रेषाही आहेत, ठशात फरक ओळखणे कठीण जावे इतक्या. गोआनाकडे यातले काही नाही. लांब, वाकडी, मजबूत नखे आणि खोडाला चिकटून राहणारे चपटे पोट, एवढ्यावर तिचे काम भागते. आपल्याकडे घोरपडीच्या पकडीचे नाव निघाले की १६७० चा सिंहगड आणि यशवंती आठवणारच. दोर बांधलेल्या घोरपडीवर मावळ्यांचे वजन तोलले गेले, ही आख्यायिका म्हणूनच ऐकावी; पण ती रचणाऱ्याने घोरपड कपारीत शिरून अंग फुगवते तेव्हा तिला बाहेर ओढून पाहिले असावे, हे नक्की.

पिल्लांच्या बाबतीत दोघांची रीत पाहिली की आई होण्याचे किती प्रकार असू शकतात ते कळते. कोआलाचा गर्भ पोटात ३५ दिवसच राहतो. जन्मलेले पिल्लू दोन सेंटिमीटरचे, अर्धा ग्रॅम वजनाचे, डोळे-कान न उमललेले. ते स्वतःच आईच्या केसांतून सरपटत पिशवीत शिरते आणि स्तनाग्र तोंडात धरून बसते. सहा-सात महिने त्याचा मुक्काम तिथेच. पण दूध सोडून एकदम निलगिरीवर गेले तर ते विषाने किंवा उपासाने मरेल, कारण पान आंबवणारे जिवाणू त्याच्या पोटात जन्मतः नसतात. ते आईकडून घ्यावे लागतात. पिल्लू साधारण सहा महिन्यांचे झाले की आई नेहमीच्या कडक लेंड्यांऐवजी मऊ, पातळसर मळ सोडते. तो थेट अंधनालातून आलेला असतो, जिवाणूंनी आणि प्रथिनांनी भरलेला. पिल्लू पिशवीतून डोके बाहेर काढून तो खाते. कोआलाच्या पिशवीचे तोंड कांगारूसारखे वर नसून खालच्या बाजूला झुकलेले असते, त्याची सोय इथे होते. वाचताना नाक मुरडले जाणे साहजिक आहे, पण या एका वारशावाचून निलगिरीचे झाड त्या पिल्लाला कायमचे बंद राहिले असते.

गोआनाची मादी अंड्यांसाठी दुसऱ्याचे घर वापरते. निलगिरीवर वाळवी खोडाला चिकटून मोठी वारुळे बांधते. ती बाहेरून टणक, आत मात्र वाळवीच्या वस्तीमुळे वर्षभर तिशीच्या आसपास तापमान आणि भरपूर दमटपणा. मादी नख्यांनी वारूळ फोडते, आत सहा ते बारा अंडी घालते आणि निघून जाते. वाळवी तिच्या स्वभावाप्रमाणे भगदाड लिंपून टाकते. पुढचे आठ-नऊ महिने, मधला पूर्ण हिवाळा धरून, अंड्यांना ऊब आणि संरक्षण देण्याचे काम वाळवीवर. अडचण पुढे येते. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना ती टणक भिंत फोडणे अवघड जाते. त्या सुमारास मादी परत येऊन वारूळ उकरते आणि पिल्ले बाहेर पडतात, अशा नोंदी संशोधकांनी केल्या आहेत. आठ-नऊ महिन्यांपूर्वीचे झाड आणि नेमकी वेळ तिला कशी आठवते, यावर नुसता विचार केला तरी थंड रक्ताविषयीचे आपले मत जरा सैल होते. आपल्याकडची घोरपडही संधी मिळाली की वारुळात अंडी घालते.

एकाच झाडावरच्या या दोघांचे आपसांत पटते का? बहुतेक वेळ त्यांचा एकमेकांशी संबंधच येत नाही. धडधाकट मोठा कोआला गोआनाच्या आवाक्याबाहेरचा आहे. लहान पिल्लाला मात्र तिच्यापासून धोका असतो. घुबडे, अजगर आणि डिंगो यांच्याबरोबर मोठ्या गोआनांचे नाव कोआलाच्या शत्रूंत घेतले जाते. आणि मेलेला कोआला तिला चालतोच. आवाजाच्या बाबतीत मात्र कोआला वरचढ. विणीच्या हंगामात नर जी डरकाळी फोडतो ती त्याच्या आकाराच्या प्राण्याला शोभेल त्याहून कितीतरी खर्जात असते. २०१३ मध्ये त्याच्या घशात, नेहमीच्या स्वरयंत्राच्या बाहेर, स्वरतंतूंची आणखी एक जोडी सापडली तेव्हा त्याचा उलगडा झाला. गोआनाला फक्त फुसकारता येते.

ते इथे आले कुठून, हे पाहायला नकाशा उलगडावा लागतो. पोटपिशवीवाल्यांचे पूर्वज दक्षिण अमेरिकेतून, त्या वेळी बर्फाखाली न गेलेल्या अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात पोचले. अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावर त्यांचे जीवाश्म १९८२ मध्ये मिळाले, आणि क्वीन्सलंडमधल्या मर्गन इथले जीवाश्म साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. भारताचा भूखंड त्याच्या कितीतरी आधी त्या दक्षिणेकडच्या जथ्यातून सुटून उत्तरेकडे निघाला होता. पुढे ऑस्ट्रेलियाही सुटला, उत्तरेला सरकत आशियाच्या बेटांजवळ आला, आणि आशियातल्या घोरपडींना तिकडे जायचा रस्ता झाला. तिथे त्यांच्या ऐंशी-नव्वद जातींपैकी तीसेक जाती बहरल्या. लेस मॉनिटरची सर्वांत जवळची नातलग कोण, तर कोमोडो ड्रॅगन. त्याचेही जुने जीवाश्म क्वीन्सलंडमध्ये सापडले आहेत. म्हणजे निलगिरीच्या त्या खोडावर दक्षिणेकडून आलेले एक घराणे आणि उत्तरेकडून आलेले दुसरे, अशी गाठ पडली आहे. युरोपीय माणसांना आधी दिसली ती गोआना. तिचे चित्र आणि वर्णन १७९० मध्येच जॉन व्हाइट या वसाहतीच्या शल्यवैद्याच्या पुस्तकात छापून आले. कोआलाची पहिली युरोपीय नोंद १७९८ ची. सिडनीच्या जवळपास दहा वर्षे राहूनही त्यांना तो दिसला नाही, इतका तो निश्चल.

एकदा दिसल्यावर मात्र त्याची फरफट झाली. अंगावरची दाट लोकर हेच त्याचे दुर्दैव. १९२७ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्सलंड सरकारने एक महिना शिकार खुली केली आणि तेवढ्यात सुमारे सहा लाख कातडी जमली. लोक खवळले, आणि त्यानंतर तिथे शिकारीचा हंगाम पुन्हा उघडला नाही. आता कोआलाला बंदुकीपेक्षा जंगलतोड, रस्ते, कुत्री आणि क्लॅमिडिया या रोगाचा धोका मोठा आहे. या रोगाने डोळे जातात, मादी वांझ होते. प्रतिजैविक दिले तर रोग बरा होतो, पण अंधनालातले पान पचवणारे जिवाणूही मरू शकतात, आणि बरा झालेला कोआला उपाशी पडतो. २०१९-२० च्या वणव्यांत त्याची जी होरपळ झाली ती जगाने पाहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीचा प्रदेश इथल्या कोआलाला संकटग्रस्त ठरवण्यात आले. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या यादीत नाहीत, कारण तिथे काही ठिकाणी उलटाच प्रश्न आहे. कांगारू बेटावर १९२० च्या दशकात १८ कोआला नेऊन सोडले. वणव्यापूर्वी त्यांचे सुमारे ५० हजार झाले होते आणि झाडे निष्पर्ण होत होती. त्यांना मारावे असे सुचवण्याचीही सोय नव्हती. मग त्यांची नसबंदी करायची आणि काहींना उचलून दुसरीकडे न्यायचे, असा महागडा मार्ग निवडला गेला.

असे लाड गोआनाच्या वाट्याला येत नाहीत. कायद्याने ती संरक्षित आहे, व्हिक्टोरियात संकटग्रस्त यादीतही आहे, पण तिच्यासाठी वर्गणी गोळा होत नाही. तिच्यावरचे मोठे संकट म्हणजे केन टोड हा विषारी भेक. उसावरच्या किड्यांसाठी १९३५ मध्ये तो क्वीन्सलंडमध्ये मुद्दाम आणून सोडला. किडे तसेच राहिले आणि भेक पसरत गेला. ऑस्ट्रेलियातल्या घोरपडींना या विषाची ओळखच नव्हती; मोठा भेक गिळला की काही वेळात त्या मरतात. उत्तरेत पिवळ्या ठिपक्यांच्या गोआनांवर एक साधा प्रयोग झाला. भेकांची टोळी पोचण्याआधी त्यांना मुद्दाम लहान भेक खाऊ घातले. पोट बिघडले, पण जीव गेला नाही, आणि पुढे मोठा भेक समोर आला तरी त्यांनी तोंड लावले नाही. त्यांतल्या काही भेकांच्या गर्दीतही तगल्या.

आपल्या घोरपडीला भेक मारत नाहीत, माणसे मारतात. मांस आणि तेल हे जुने कारण. गेल्या काही वर्षांत ‘हत्था जोडी’ची भर पडली. नमस्कार केलेल्या हातांसारखी दिसणारी ही दुर्मीळ मुळी घरात ठेवली की लक्ष्मी नांदते, असे सांगून ती विकली जाते, आताशा इंटरनेटवरूनही. ती कोणत्याही झाडाची मुळी नाही. नर घोरपडीचे जननेंद्रिय कापून, वाळवून ही वस्तू तयार करतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घोरपडीचे नाव आहे, म्हणजे वाघाच्याच यादीत. ती जोडी विकणे आणि देवघरात बाळगणे, दोन्ही गुन्हेच आहेत आणि दोन्हींना तुरुंगाची शिक्षा आहे.